शाबास म्हणजे पुढे

भाची : पांढरे त्यात टाकू नकोस, मामा. कालचा लाल टॉवेल आहे आत.

मामा : लाल कुठला? धुऊन धुऊन विटकरी झालाय. सोडायला त्याच्याकडे रंग उरलाय कुठे?

भाची : तरी नको. पुढच्या स्पर्धेत गुलाबी कपड्यांत उतरायचं नाहीये मला. आणि विषय बदलू नकोस.

मामा : मी कुठे बदलला? टॉवेल तुझा, विषयही तूच काढलास.

भाची : काल मॅच पॉइंटला तू शाबास का म्हणालास, एवढंच विचारतेय. सकाळी नाश्त्याला विचारलं, तू अंडं सोलत बसलास. लिफ्टमध्ये विचारलं, तू मजल्यांचे आकडे वाचत बसलास.

मामा : म्हणालो, झालं. तोंडातून गेलं.

भाची : तोंडातून गेलं? तुझ्या तोंडातून? मी कोर्टावर असताना तुझ्या तोंडून एक शब्द कधी उगाच गेलेला नाही. मला एक पॉइंट हवा होता. एकच. तो मिळाला असता तर पात्रता फेरी पार करून आज मुख्य स्पर्धेत असते मी. इथं हॉटेलच्या तळघरात मोजे वाळवत बसले नसते.

मामा : मुख्य स्पर्धेतल्यांचेही मोजे ओले होतात, बुटके.

भाची : त्यांचे दुसरं कुणीतरी धुतं.

मामा : हे मात्र खरं. ते बटण दाब. नाही, ते गरम पाण्याचं. त्याच्या खालचं.

भाची : शाबास म्हणजे नेटवर जा. बरोबर?

मामा : बरोबर.

भाची : मी सर्व्हिस केली, तिचा परतीचा चेंडू जरा आखूड आला, मी पुढे गेले. तू सांगितलंस म्हणून गेले. आणि तिनं चेंडू माझ्या बाजूनं असा सरळ काढला, की मी नुसती मान वळवून बघत राहिले.

मामा : जायचं नव्हतं पुढे.

भाची : काय?

मामा : ती थकली होती. पायांत गोळे आले होते तिच्या, दोन पॉइंटच्या मधे पोटरी चोळत होती. तुला फक्त मागे उभं राहून चेंडू आत ठेवायचा होता. चौथ्या नाहीतर पाचव्या फटक्याला तिनंच बाहेर मारला असता.

भाची : मग पुढे जा कशाला सांगितलंस?

मामा : मी पुढे जा सांगितलं नाही. मी शाबास म्हणालो.

भाची : मामा, माझं डोकं फिरवू नकोस हां. आपल्यात शाबासचा दुसरा अर्थ कधी होता? बारा वर्षांखालच्यांच्या त्या पहिल्या स्पर्धेपासून आहे हे. तूच रंगवून सांगतोस ती गोष्ट, दर नव्या माणसाला.

मामा : नव्या माणसाला नाही. विश्वासातल्या माणसाला.

भाची : तुझ्या विश्वासातली माणसं म्हणजे एक मी आणि एक आपला रॅकेटच्या तारा ओढणारा. दोघांनाही पाठ आहे.

मामा : पाठ कसली? तू तेव्हा एवढीशी. जाळीवरून पलीकडलं दिसायचं नाही तुला. समोर ती ताडमाड मुलगी, आखूड आखूड टाकत होती, आणि तू मागच्या रेषेवर खुंटी ठोकल्यासारखी. मी ओरडलो, पुढे जा गं! तर तो पंच, केवढा तो, मिसरूडही फुटलं नव्हतं, खुर्चीतून वाकून मला म्हणतो कसा, प्रेक्षकांतून शिकवायचं नाही, पुन्हा बोललात तर मुलीचा पॉइंट कापीन. आता माझ्या घशात आलेला शब्द मी करू काय? गिळता येईना, थुंकता येईना. मग रागारागानं त्याच्याकडेच बघून ओरडलो, शाबास! म्हणजे त्याला, की शाबास रे पठ्ठ्या. आणि तू पुढे गेलीस!

भाची : तुझा आवाज पुढे जाचाच होता. शब्द तेवढा वेगळा.

मामा : जिंकलीस तो पॉइंट. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जगातला कुठलाही पंच शिकवण्यावर हरकत घेईल, कौतुकावर कशी घेणार?

भाची : आणि मग सगळं कौतुक कामाला लावलंस. वा म्हणजे तिच्या बॅकहँडवर मार. छान म्हणजे सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात. मस्त म्हणजे दुसरी सर्व्हिस जपून.

मामा : झकास म्हणजे जाळीलगत हळूच सोड.

भाची : ते फार नाही वापरलंस.

मामा : तुझा तो फटका कधी झकास झालाच नाही ना.

भाची : हसू नकोस. तुला माहितेय, शाळेत बाईंनी शाबास म्हटलं की माझा पाय पुढे पडायचा. बाईंना वाटायचं किती धीट मुलगी आहे. फळ्याजवळ जाऊन उभी राहायचे आणि मग कळायचं नाही आता करायचं काय.

मामा : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

भाची : तू कधी विचारलंस? आणि त्या मोठ्या कोर्टावर, तिसऱ्या फेरीत, सगळं स्टेडियम वा वा करत होतं, आणि मी वेड्यासारखी तिच्या बॅकहँडवर मारत सुटले होते.

मामा : तरी तो सेट घेतलास.

भाची : कारण तिचा बॅकहँड खरंच वाईट होता. ते जाऊ दे. कालचं सांग. माझ्या सर्व्हिसच्या आधी तू शाबास म्हणालास. आणि त्यानंतर, मॅच संपेपर्यंत, तोंडाला कुलूप. मी प्रत्येक पॉइंटला तुझ्याकडे बघत होते. तू बुटांकडे बघत होतास.

मामा : बोलायची भीती वाटली.

भाची : कशाची भीती?

मामा : जे म्हणेन त्याचा तू हुकूम करशील. हे मशीन असं का हलतंय?

भाची : बूट टाकलेत त्यात. मामा, इकडे बघ. त्या शाबासचा अर्थ काय होता?

मामा : शाबास.

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे शाबास. लोक म्हणतात ना, ते. शाबास पोरी.

(फोन वाजतो. भाची तो इस्त्रीच्या फळीवर उताणा ठेवते आणि आवाज मोठा करते.)

आई : हॅलो? जेवलात का दोघं?

भाची : जेवलो गं आई.

आई : खरं सांग. काल हरल्यावर तू जेवली नसणार. आणि तो कुठाय, आमचा लाडका भाऊ?

मामा : हा काय ताई, इथेच. कपडे धुतोय.

आई : तू धुतोयस? इथे स्वतःचा रुमाल कधी धुतला नाहीस.

मामा : इथे मशीन धुतं. मी नुसता सोबतीला आहे त्याच्या.

आई : मला तुझ्याशीच बोलायचंय. किती डोक्यावर बसवशील रे तिला? काल मी फोनवर बघत होते ती मॅच. चित्र अडकत होतं, पण आवाज येत होता. पोरीनं चेंडू जाळीत मारला, आणि तू म्हणतोस, वा! पहिली सर्व्हिस बाहेर गेली, आणि तू म्हणतोस, मस्त! अरे, असं कुणी करतं का? चुकलं तर चुकलं म्हणावं. लहानपणापासून तुझं हेच. मी एक रागावणारी आणि तू एक कौतुक करणारा.

भाची : आई, तसं नाहीये ते.

आई : तू मध्ये बोलू नकोस. तुलाही तेच आवडतं. सतत कुणीतरी पाठीवर हात फिरवायला हवा. माझ्या मैत्रिणी म्हणतात, काय बाई नशीब तुझ्या मुलीचं, असा मामा मिळायला भाग्य लागतं. मी म्हणते, हो, पण त्या कौतुकानं पोर मऊ झाली त्याचं काय?

मामा : ताई, चुकलं माझं. यापुढे कौतुक बंद.

आई : बंद नको रे करूस एकदम. बेतानं कर. बरं गं, त्या टोपीवाल्या कोचला काय कळवलंस?

भाची : आई.

आई : काय आई? तूच म्हणालीस ना, संध्याकाळपर्यंत सांगायचंय म्हणून? तो परवा निघणार आहे ना आपल्या खेळाडूंना घेऊन? हे बघ, त्याच्या हाताखाली दोघीजणी कुठल्या कुठे गेल्या, हे मी नाही, तूच सांगितलंस. अट काय घालतो, तर कोचच्या खुर्चीत घरचं माणूस नको. मग मामा काही... हॅलो? मामा तिथेच आहे का?

मामा : आहे ताई.

आई : अगं बाई. तू अजून त्याला सांगितलं नव्हतंस?

भाची : आई, मी तुला नंतर करते फोन.

आई : अरे, मला काय माहीत? मला वाटलं तुम्हा दोघांचं सगळं बोलणं होतं. दिवसभर तर बोलत असता.

भाची : करते नंतर. ठेव.

मामा : ठेवला?

भाची : ठेवला.

मामा : तुझ्या आईला बातमी पत्ता चुकवून द्यायची कला जन्मापासून आहे. आमच्या लहानपणी माझ्या नापासाची बातमी हिनं पाहुण्यांच्या पंगतीत दिली होती.

भाची : मी सांगणार होते, मामा. जिंकले असते तर कालच सांगितलं असतं, की नको म्हणाले त्याला. हरल्यावर सांगितलं असतं तर वाटलं असतं, तुझ्यावर राग काढतेय.

मामा : काय कळवणार आहेस?

भाची : नाही म्हणून.

मामा : हो म्हण.

भाची : इतकं सोपं आहे ते तुला?

मामा : सोपं नाही. पण ठरलेलं आहे.

भाची : कुणाचं ठरलेलं? त्यानं मला विचारलंय. ठरवणार मी.

मामा : त्यानं तुला आपण होऊन विचारलं असं वाटलं तुला?

भाची : म्हणजे काय?

मामा : स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो त्याच्याकडे. सरावाच्या कोर्टामागे, जिथे ते बर्फाचे डबे ठेवतात, तिथे उभा होता. टोपी काढून बोलला माझ्याशी. टक्कल आहे, म्हणून घालतो बरं का.

भाची : तू गेलास? तू मला दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला गेलास?

मामा : गळ्यात बांधायला तू काय घंटा आहेस?

भाची : विनोद करू नकोस! मी इथे चार रात्री झोपले नाही. मामाला कसं सांगू, मामाला काय वाटेल, ज्यानं नोकरी सोडली, ज्यानं माझ्या पायाला फोड आले की मीठपाण्याची बादली खोलीत आणून ठेवली, त्याला कुठल्या तोंडानं सांगू की उद्यापासून येऊ नकोस. आणि तू आधीच जाऊन सौदा करून आलेला! मला विचारायचं होतंस ना आधी.

मामा : तू नाही म्हणाली असतीस.

भाची : हो, म्हणालेच असते!

मामा : म्हणून नाही विचारलं.

भाची : का पण? मी क्रमवारीत खाली घसरले म्हणून? तुलाही वाटतं, संपलं माझं?

मामा : तसं असतं तर त्याच्याकडे कशाला गेलो असतो? सरळ घरचं तिकीट काढलं असतं दोघांचं. बस जरा. त्या टोपलीवर नको, मोडेल. ऐक. मागच्या मोसमात तू टॉवेल घ्यायला आलीस माझ्या बाजूला, मनगट धरून. आठवतं?

भाची : कितीतरी वेळा आले असेन.

मामा : मनगट धरून. ऑपरेशननंतरची दुसरीच स्पर्धा होती. तू विचारलंस, मामा, काय करू? तेव्हा नियम बदललेला होता. खुर्चीतून उघड बोलायला परवानगी होती. तिच्या बाजूचा तो दाढीवाला तर अख्खं व्याख्यान देत होता. आणि मी तुला काय म्हणालो?

भाची : मस्त.

मामा : मस्त. म्हणजे दुसरी सर्व्हिस जपून.

भाची : मी जपून केली.

मामा : पण तू ते विचारत नव्हतीस. तू विचारत होतीस, दुखतंय, खेळू का सोडू? तुझा चेहरा पांढरा पडला होता. त्याला उत्तर म्हणून माझ्या तोंडून मस्त निघालं. त्या दिवसापासून माझ्या मनात आहे. उघड बोलायची वेळ आली आणि मला बोलताच येईना. जीभ वळतच नाही, बुटके. मी घरी आरशासमोर उभा राहून प्रयत्न केला. तुझ्या आईनं ऐकलं, तिला वाटलं मला ताप चढलाय.

भाची : त्यात काय, मला कळतात की तुझे शब्द.

मामा : कळतात, हाच तर घोळ आहे. तुला दुसरं काही कळत नाही आणि मला दुसरं काही येत नाही. त्या टोपीवाल्याला निदान वाक्यं येतात. कर्ता, कर्म, क्रियापद.

भाची : आणि कालची शाबास?

मामा : तेच सांगतोय. काल मी कोच नव्हतो.

भाची : खुर्चीत कोण होतं मग?

मामा : खुर्चीत मी होतो. पण मनातून राजीनामा देऊन बसलो होतो. त्यानं तुझ्याशी बोलतो म्हणून सांगितलं होतं. तू अजून काही ठरवलं नसशील, माझं ठरलेलं होतं. पहिला सेट सवयीनं केलं काम. वा, मस्त, चाललं होतं. शेवटच्या सेटला मात्र कसा कोण जाणे, मोकळा झालो. आजवर मी तुझ्या मॅचमध्ये नेहमी पलीकडचीकडे बघत आलो. ती कुठे उभी आहे, पाय कुठला दुखतोय, पाणी किती पितेय. ते काम असतं माझं. तुझ्याकडे बघायला सवड कुठे? काल तिची पोटरी तेवढी दिसली, मग नजर तुझ्यावरून हललीच नाही. आणि तेवढ्यात तू तो बॅकहँड मारलास.

भाची : मॅच पॉइंटच्या आधीचा.

मामा : सरळ, रेषेलगत, दोन्ही हातांनी, खांदा पुरा फिरवून. ऑपरेशननंतर तू कापून कापून मारत होतीस, नुसता चेंडू वाचवायचा म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, तो फटका विसरा. मीही विसरलो होतो. आणि तू मारलास. माझ्या अंगावर काटा आला गं. मी काही पंच बघितला नाही, पुढचा पॉइंट कुठला ते बघितलं नाही. ओरडलो.

भाची : शाबास.

मामा : शाबास. मग तुला सर्व्हिस करून पुढे येताना पाहिलं, तेव्हा कळलं मी काय केलं ते.

भाची : म्हणजे ती पहिली.

मामा : काय पहिली?

भाची : खरी.

मामा : तसा हिशेब नाही ठेवला मी.

भाची : मी ठेवलाय. पहिलीच. आणि मी ती खर्च करून टाकली नेटवर.

मामा : तुझा काय दोष? शिक्का मी मारला होता त्याच्यावर.

भाची : परत म्हण.

मामा : आता? इथे?

भाची : इथे कोण आहे ऐकायला? मी उभी राहते. म्हण.

मामा : काहीतरीच.

भाची : म्हण ना.

मामा : शाबास.

भाची : बघितलंस?

मामा : काय?

भाची : उजवा पाय. गेला पुढे. मी थांबवत होते त्याला.

मामा : अरे देवा.

भाची : दुसरा शब्द घे. एखादा न वापरलेला.

मामा : दुसरा कुठला? वा गेला. छान गेला. मस्त, झकास गेले. उत्तम?

भाची : उत्तम म्हणजे टॉवेल घे, वेळ काढ.

मामा : ते आपण त्या वाऱ्याच्या गावात ठरवलं होतं. सुंदर?

भाची : सुंदर म्हणजे पंचाशी भांडू नकोस.

मामा : मग नाही उरला एकही. सगळं कोठार रिकामं केलं मी.

भाची : म्हणून जातोयस?

मामा : जात नाहीये. खुर्ची सोडतोय. तुझ्याकडे एक चांगलं वर्ष आहे, फार तर दोन. तो फटका परत आलाय. आता तुला असा माणूस हवा, जो पुढे जा म्हणायचं असेल तेव्हा पुढे जा म्हणेल. फोन कर त्याला.

भाची : आत्ता?

मामा : कपडे व्हायला अजून वेळ आहे.

भाची : आणि मी नाही म्हणाले तर?

मामा : तर पुढच्या आठवड्यात मी त्याच खुर्चीत बसेन आणि तुला वा म्हणेन. आणि तू मारशील तिच्या बॅकहँडवर. तिचा चांगला असला तरी.

भाची : तू फार कठोर आहेस रे. आईला कुणीतरी सांगायला हवं.

मामा : तिला पटणार नाही. तिच्या लेखी मी मऊ.

भाची : फोन नको. लिहिते. बोलले तर रडेन आणि त्याला वाटेल पहिल्याच दिवशी हे काय. हे बघ. हो, उद्या सकाळी सरावाला येते. पाठवू?

मामा : मला दाखवू नकोस. तुझं तू पाठव.

भाची : गेला.

मामा : बरं झालं.

भाची : मशीनला दोन्ही हात का लावलेस?

मामा : धरून ठेवलंय. तू अंथरुणं-पांघरुणं असल्यासारखे टॉवेल कोंबलेस आत, ते थरथरतंय.

भाची : घरी कधी निघणार?

मामा : उद्या. तू सरावाला गेलीस की. ताईला तेवढं तूच कळव, माझ्याआधी बातमी पोचायला हवी, नाहीतर तिचा अपमान होईल.

भाची : आणि पुढच्या स्पर्धेला?

मामा : पुढच्या स्पर्धेला काय?

भाची : ये ना. त्यानं खुर्चीत नको म्हटलंय. मैदानात नको असं नाही म्हटलं.

मामा : बसू कुठे?

भाची : तिकीट काढून. लोकांत.

मामा : लोक काय करतात तिथे?

भाची : आइस्क्रीम खातात. उशिरा येतात. पॉइंट चालू असताना उठून जातात आणि पंचाचा ओरडा खातात.

मामा : आणि मला राहवलं नाही तर? ओरडलो तर?

भाची : ओरड. एवढ्या गलक्यात तुझाच आवाज कशाला येईल मला?

मामा : येणार नाही ना? नक्की?

भाची : आला तर बघू. जागा मात्र उन्हाकडे पाठ करून घे. डोळ्यांवर हात धरून बसलास तर मला वाटेल काही सांगतोयस.

मामा : जवळची घेऊ का वरची? कुठून नीट दिसतं?

भाची : मला काय माहीत, मामा? मी तरी तिथे कधी बसलेय?